उंच हॉटेलाचं दार

(आपल्या रेडिओवरून झालेलं भाषण)



आपल्या गटांतल्या पुष्कळजणी आता मुंबई बघून आल्यात. कुणी सरस प्रदर्शनात चटण्या-पापड विकायला, कुणी प्रशिक्षणाला, तर कुणी घरच्या आजारी माणसाला घेऊन टाटा रुग्णालयात. मुंबईला गेलं की गेटवे ऑफ इंडिया बघणं आलंच. गेटवेकडे पाठ करून उभं राहिलं की समोर दिसतं ते घुमटाचं जुनं हॉटेल आणि त्याला लागून उभा असलेला उंच मनोरा. ते ताज. बाहेरून फोटो सगळ्याच काढतात. आत जाऊन एक रात्र राहावं, असं मनात आलं तरी तोंडातून निघत नाही. “आपल्यासारखीला तिथं कोण उभं करणार?” एवढं म्हणून आपण बोटीच्या रांगेकडे वळतो.

आज आपण या प्रश्नाचाच इतिहास पाहू. परक्या गावी रात्र काढायची तर कुणाला कुठे जागा मिळायची? ही उंच हॉटेलं का झाली, कुणाच्या हातांनी झाली? त्यांचं दार कुणाला उघडं होतं, कुणाला बंद? आणि आता ते आपल्याला कितपत उघडं आहे?

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्याकडे हॉटेल म्हटलं की चहा, भजी, मिसळ. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो. त्याच्याही आधी होती ती धर्मशाळा. वाटसरूला निवारा द्यावा, पाणी द्यावं, हे पुण्याचं काम. चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाई होळकरांनी, १७६७ ते १७९५ या आपल्या कारभाराच्या काळात काशी-गयेपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. यात्रेला निघालेल्या बाईला पुढच्या मुक्कामाचा भरवसा मिळाला तो अशा कामांमुळे. तिथे पैसा लागत नव्हता.

पण पैसा लागत नव्हता म्हणून दार सगळ्यांना उघडं होतं, असं नाही. तिथे जात विचारली जायची. पंढरपूरला वारीला आलेल्या दलित वारकऱ्यांना इतरांच्या धर्मशाळेत जागा नसायची, ते वाळवंटात उघड्यावर राहायचे. म्हणून गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. हीच धर्मशाळा पुढे बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत दादरला कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी जी धर्मशाळा आहे, तीही गाडगेबाबांच्याच नावाची. आपल्यातल्या काहीजणींनी तिथे रात्री काढल्या आहेत.

हॉटेल आलं, पण कुणासाठी?

पैसे देऊन राहायचं मोठं हॉटेल आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात आलं. मुंबईत काळा घोड्याजवळ १८६० च्या दशकात वॉटसन नावाच्या कापड व्यापाऱ्याने एक हॉटेल बांधलं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला होता. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला सिनेमा, म्हणजे हलणारी चित्रं, याच वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पण हे हॉटेल होतं युरोपीय लोकांसाठी. हिंदी माणूस कितीही श्रीमंत असला तरी पाहुणा म्हणून त्याला तिथे खोली नव्हती. म्हणजे धर्मशाळेत जात आड येत होती, इथे कातडीचा रंग.

जमशेटजी टाटांना अशाच एका हॉटेलातून परत पाठवलं आणि त्या अपमानातून त्यांनी ताज बांधलं, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण काही इतिहासकार तिच्यावर शंका घेतात. दुसरं कारण मात्र डोळ्यांसमोर होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरू लागली, हजारो कुटुंबं गाठोडं उचलून गावाकडे पळाली. शहराचं नाव खराब झालं, धंदा बसला. अशा वेळी शहरावर लोकांचा पुन्हा विश्वास बसावा, बाहेरच्या माणसाने इथे यावं, म्हणून मोठं काहीतरी उभं करायची जमशेटजींची इच्छा होती. प्लेगच्या त्या वर्षांतच हॉटेलाचं काम सुरू झालं.

या हॉटेलाच्या आराखड्यामागचं एक नाव आपण मराठी बायांनी लक्षात ठेवावं असं आहे: रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्यासोबत होते डी. एन. मिर्झा. वैद्य वारल्यावर चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाने काम पुरं केलं. आतला तरंगता जिना बांधला तो सोराबजी कॉन्ट्रॅक्टर यांनी. लोक सांगतात की हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं, समोरची बाजू मागे गेली. त्यात तथ्य नाही. तेव्हा घोडागाड्या शहराच्या बाजूने यायच्या, म्हणून दार शहराकडे ठेवलं आणि खोल्यांना समुद्राचा वारा मिळू दिला. गेटवे तर तेव्हा नव्हताच, तो १९२४ साली पुरा झाला.

१६ डिसेंबर १९०३ ला ताज उघडलं. विजेच्या दिव्यांनी उजळलेली मुंबईतली पहिली इमारत म्हणून ते ओळखलं जातं. अमेरिकेचे पंखे, जर्मनीच्या लिफ्ट, तुर्की पद्धतीची न्हाणीघरं, हे सगळं एका छताखाली होतं. आणि मुख्य म्हणजे इथे हिंदी पाहुण्याला दार उघडं होतं. रंगाची अट गेली.

पण पैशाची अट होतीच. त्या काळात गिरणीत राबणाऱ्या पुष्कळ मजुरांची महिन्याची कमाई १० ते २० रुपयांच्या दरम्यान असायची. त्यांत आपल्या सातारा, रत्नागिरीकडून गेलेले बापे होते आणि बायाही होत्या. एवढी महिन्याची कमाई या हॉटेलात एक-दोन दिवसांत संपली असती. ते लोक चाळीतल्या एका खोलीत दहा-दहाजण झोपायचे. म्हणजे एक दार उघडलं तेव्हा दुसरं तसंच लागलेलं राहिलं. हे आपण विसरायचं नाही, आणि पहिलं दार उघडलं हेही विसरायचं नाही.

वरचा मजला महाग का झाला?

आता उंचीची गोष्ट. हॉटेलाचा वरचा मजला सगळ्यांत महाग, हे आज आपल्याला सरळ वाटतं. पण पूर्वी उलटं होतं. जिने चढून जायचं असेल तर वर कोण राहणार? युरोपातल्या जुन्या इमारतींमध्ये खालचे मजले मालकाचे आणि अगदी वर छपराखाली मोलकरणींच्या खोल्या असायच्या. पाणी, कोळसा, ओझी घेऊन जिने चढायच्या त्या बायाच.

हे बदललं लिफ्टमुळे. दोरावर ओढायचे पाळणे आधीही होते, पण दोर तुटला की माणूस संपला. १८५४ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा कारागीर पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांसमोर वरचा दोर तोडायला लावला. पाळणा जरासा घसरून जागीच अडकला, कारण त्याने दोर सुटला की दात रुतून बसतील असा ब्रेक बसवला होता. १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात माणसांसाठीची पहिली लिफ्ट चालू झाली. पुढे लोखंड-पोलादाचे सांगाडे आले, भिंतींवरचा भार सांगाड्यावर गेला, आणि इमारती उंच होत गेल्या. मग वर वारा, उजेड, शांतता आणि समुद्र दिसणार म्हणून वरची खोली महाग झाली. काम करणाऱ्या बाईची जागा गेली तळघरात, जिथे कपडे धुतात, इस्त्री करतात, भांडी घासतात. उंची आली तसा मान वर गेला आणि मेहनत खाली आली.

एकटी बाई आली तर?

रंग झाला, जात झाली, पैसा झाला. आता बाईमाणसाचं काय, ते पाहू.

ज्या १९०३ साली मुंबईत ताज उघडलं, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये मार्था वॉशिंग्टन नावाचं बारा मजली हॉटेल उघडलं. ते फक्त बायकांसाठी होतं. असं वेगळं हॉटेल का लागलं? कारण त्या पुढारलेल्या शहरात एकटी बाई संध्याकाळनंतर चांगल्या हॉटेलात गेली तर तिला खोली नाकारायचे. सोबत पुरुष नाही म्हणजे बाई बरी नसणार, असा हिशेब. शिक्षिका, नर्सा, कचेरीत टंकलेखन करणाऱ्या मुली कमावत होत्या, पैसे द्यायला तयार होत्या, तरी दार बंद. १९०७ साली हॅरियट स्टँटन ब्लॅच ही बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी बाई मैत्रिणीबरोबर एका हॉटेलाच्या गच्चीवर जेवायला गेली. सोबत पुरुष नाही म्हणून त्यांना जेवण नाकारलं. ती कोर्टात गेली. खटला हरली, पण गोष्ट गाजली, आणि हळूहळू अशा चाली ढिल्या पडत गेल्या.

आपल्याकडे हे कुठे वेगळं होतं? आजही एकटी बाई तालुक्याच्या गावी लॉजवर खोली मागायला गेली तर पलीकडचा माणूस आधी वर-खाली बघतो. “सोबत कोण आहे?” हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये विचारला जात होता, तोच आपल्या बसस्टँडसमोर विचारला जातो. ताजमध्ये सरोजिनी नायडूंसारखी बाई मुक्कामाला असायची, सभा-भेटी तिथून चालायच्या. पण त्यांचं नाव मोठं होतं, त्यांना कोण अडवणार? बिननावाच्या बाईला कोण उभं करतं, यावरून दार खरंच उघडं आहे की नाही ते कळतं.

घटनेत लिहिलेलं हॉटेल

आता जे सांगतो आहोत ते नीट ऐका, आणि जमलं तर वहीत लिहून घ्या.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, संस्थानाचा अधिकारी, पण शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. काही दिवसांनी लोकांना कळलं, लाठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना तिथून घालवून दिलं. शहरात दुसऱ्या कुणीही आसरा दिला नाही. बागेत बसून गाडीची वेळ होईपर्यंत थांबले आणि मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारो लोकांसह घेतलं.

हेच बाबासाहेब पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या आपल्या घटनेचं कलम १५ काय म्हणतं? केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात, करमणुकीच्या सार्वजनिक जागी जायला अडवता येणार नाही. आणि त्याच कलमात पुढे विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचंही नाव आहे. सख्यांनो, पाणवठा आणि हॉटेल एकाच कलमात आहेत. घोटभर पाणी आणि रात्रीचा निवारा या दोन गोष्टींवरून माणसाला माणसातून उठवलं जातं, हे ज्याने सोसलं त्याला ठाऊक होतं.

त्या यादीत ‘लिंग’ हा शब्द आहे. म्हणजे ‘तुम्ही बाई आहात, एकट्या आहात, म्हणून खोली नाही’ असं म्हणणं या कलमाच्या विरुद्ध आहे. हॉटेलवाला ओळखपत्र मागू शकतो, भाडं मागू शकतो. सोबत नवरा मागू शकत नाही.

१९७३: मनोरे आणि खडी

घटना आली, दार कायद्याने उघडलं. पण ते दार होतं कुठे आणि आपण होतो कुठे, हे बघायचं तर १९७३ साल घ्यावं लागेल.

त्या साली गेटवेसमोर जुन्या ताजशेजारी ताजचा उंच मनोरा उघडला. त्याच साली तिकडे नरिमन पॉइंटला, समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर, ओबेरॉय टॉवर्स हे ३५ मजली हॉटेल सुरू झालं. तेव्हा ते देशातल्या सगळ्यांत उंच इमारतींपैकी एक होतं. परदेशी विमानं वाढली होती, मोठे व्यापारी, साहेबलोक यायचे, त्यांना शहराच्या मध्यात, कचेऱ्यांजवळ राहायची जागा हवी होती. शहरात जमीन महाग, म्हणून इमारत वर गेली.

आणि १९७३ साली आपण कुठे होतो? आपल्या सासवांना, आज्यांना विचारा. बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली. अमेरिकेची लाल ‘मिलो’ ज्वारी रेशनवर आली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडली, पाझर तलाव खणले, नालाबांध घातले, रस्ते केले. दोन-तीन रुपये रोज आणि मुलांना सुकडी. लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत आणि आईच्या हातात हातोडी.

त्याच वेळी मुंबईतल्या बायकाही गप्प नव्हत्या. १९७२ साली महागाईविरोधी संयुक्त समिती झाली, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल मागत होत्या.

एकाच राज्यात, एकाच वर्षी एकीकडे मनोरे उठत होते आणि दुसरीकडे दगड फुटत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं कुणी म्हणेल. पण पुढे संबंध जोडला गेला, आणि तो फार महत्त्वाचा आहे. खडी फोडणाऱ्यांची मागणी होती की काम मिळणं ही मेहेरबानी नको, हक्क हवा. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना दुष्काळात राज्यभर पोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. यासाठी पैसा कुठून आला? १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर, व्यापाऱ्यांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. म्हणजे उंच इमारतींत पंख्याखाली बसून कमावणाऱ्याने खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत वाटा उचलायचा. २००५ साली देशभर रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव जमेला होता.

म्हणून गेटवेसमोर उभं राहून त्या मनोऱ्याकडे बघताना आपल्याला लाजायचं कारण नाही. त्या वर्षीचा महाराष्ट्र आपणही उभा धरला होता.

आत काम कोण करतं?

उंच हॉटेलात राहणारा पाहुणा खोली बघतो, काम बघत नाही. पण आपण घर चालवणाऱ्या बाया, आपल्याला काम दिसतं. हाउसकीपिंगचा माणूस एका पाळीत साधारण १२ ते १६ खोल्या करतो. चादर, उशा, टॉवेल बदलायचे, न्हाणीघर घासायचं, आरसा पुसायचा, एक केस दिसता कामा नये. खाली धुलाईघरात दिवसरात्र कपडे धुतले जातात. स्वयंपाकघर पहाटे चालू होतं. आपण घरात जे बिनमोल करतो, त्याच कामाला तिथे नाव आहे, पाळी आहे, पगार आहे, सुट्टी आहे.

आणि तरीही बायकांना या कामात सहज जागा मिळाली नाही. १९१४ सालचा पंजाबचा एक दारूविषयक कायदा दिल्लीत लागू होता. ज्या जागी दारू दिली जाते तिथे बाईला कामावर ठेवू नये, असं त्यात होतं. म्हणजे हॉटेलचं शिक्षण घेतलेल्या मुलीलाही मोठ्या हॉटेलच्या त्या विभागात नोकरी नाही. अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ही बंदी रद्द केली. न्यायालयाच्या म्हणण्याचा अर्थ असा, की बाईला धोका आहे म्हणून तिला घरी बसवायचं नाही, ती जिथे काम करते ती जागा सुरक्षित करायची. पुढे २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे. आपली मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकायचं म्हणाली तर “हॉटेलात? नको बाई” असं म्हणण्याआधी हे दोन्ही कायदे आठवा.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला. ताजमध्ये २९ तारखेच्या सकाळपर्यंत गोळीबार आणि आग चालू होती. तिथे ३१ जण गेले, त्यांतले ११ जण हॉटेलचे कर्मचारी होते. मागच्या दाराने निघून जायची वाट त्यांना माहीत होती, पण अनेकांनी पाहुण्यांना आधी काढलं. टेलिफोन ऑपरेटर बाहेर पडून पुन्हा आत आल्या-आले, खोल्याखोल्यांत फोन करून “दार उघडू नका, दिवे बंद ठेवा” सांगत राहिले. एका जेवणाच्या कार्यक्रमाची जबाबदारी २४ वर्षांच्या मुलीवर होती. तिने दारं लावून घेतली, दिवे विझवले, पाहुण्यांना टेबलांखाली झोपवलं, रात्रभर धीर दिला. सकाळी अग्निशमन दलाच्या मदतीने सगळे खिडकीतून उतरले. नंतर अभ्यासकांनी शोध घेतला की ही माणसं अशी का वागली. त्यांना दिसलं, की ही कंपनी महानगरांपेक्षा लहान गावांतली मुलं-मुली निवडण्यावर भर देत आली होती, कारण मोठ्यांचा आदर आणि आल्यागेल्याची विचारपूस त्यांच्या अंगात असते. ज्याला आपण ‘गावंढळ’ म्हणून हिणवून घेतो, तो गुण तिथे निवडीचा निकष होता.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट. पुरस्काराला, प्रशिक्षणाला, परिषदेला आपल्या गटांना आता शहरातल्या उंच हॉटेलात कधी कधी उतरवलं जातं. तेव्हा बिचकू नका. आधार कार्ड जवळ ठेवा. खोलीची किल्ली म्हणून एटीएमसारखं कार्ड देतात, ते दाराच्या खाचेला लावायचं आणि आत गेल्यावर भिंतीवरच्या खाचेत ठेवायचं, म्हणजे दिवे लागतात. आत गेल्यावर दार आतून लावा. फ्रीजमधल्या वस्तूंचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा आधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट जिवाशी गाठ असलेली. खोलीत सामान ठेवलं की बाहेर येऊन आधी जिना शोधा. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते मोजा. १९४६ साली अमेरिकेत अटलांटा शहरात वाइनकॉफ नावाच्या १५ मजली हॉटेलला आग लागली. ‘हे हॉटेल जळत नाही’ अशी त्याची जाहिरात होती. जिना मात्र एकच होता, तोच धुराने भरला, आणि ११९ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले, दुसरा जिना, धूर अडवणारी दारं, छतातून पाणी शिंपडणारे फवारे आले. तरी नियम एकच: आग लागली तर लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. धूर असेल तर ओला रुमाल नाकाला लावून खाली वाकून चालायचं.

तिसरी गोष्ट. एकटी बाई म्हणून कुणी खोली नाकारली तर शांतपणे कारण लेखी मागा. पुष्कळ ठिकाणी एवढ्यानेच सूर बदलतो. नाही बदलला तर पोलीस ठाणं आहे, तालुक्याची विधी सेवा समिती आहे, जिथे बाईला मोफत वकील मिळतो.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी. खोली मागणारी बाई खोली देणारीही होऊ शकते. आपल्या राज्यात न्याहारी-निवास योजना आहे. आपल्याच घरातल्या दोन खोल्या नीट करून, नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. २०२३ साली राज्य सरकारने बायकांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं, त्यात पर्यटनाच्या धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. अटी काय आहेत ते पर्यटन कार्यालयात जाऊन विचारा, गटाचा ठराव सोबत न्या. स्वच्छ चादर, गरम भाकरी, न्हाणीला गरम पाणी आणि रात्री निर्धास्त झोप. अहिल्याबाईंनी वाटसरूला हेच दिलं, उंच हॉटेल हेच विकतं, आणि आपल्याला हे पिढ्यान्‌पिढ्या येतंच.

फक्त एक करा. आपल्या दाराशी पाहुणा आला की जात विचारू नका, आणि एकटी बाई आली तर सोबतीला कोण आहे ते विचारू नका. ओळखपत्र बघा, नाव वहीत लिहा आणि पाणी द्या. जी दारं आपल्याला बंद होती, तसलं दार आपण बांधायचं नाही.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गटातली कुठली बाई परगावी एकटी मुक्कामाला राहिली आहे, आणि तिला काय अनुभव आला? आणि आपल्या गावात पाहुण्यासाठी दोन खोल्या कुणाकडे निघतील? काय ठरलं ते आम्हाला कळवा. आपण पुन्हा भेटूच. नमस्कार.